तयारीचे श्रोते

१७ मार्च २००७, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमाराला तिकडे पोर्ट ऑफ स्पेनला भारताचा संघ विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध फलंदाजीला उतरला आणि घरोघरचे टीव्ही त्या सामन्याला चिकटले. इकडे बेंगळूरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर काळे टी-शर्ट घातलेली हजारो मुलं रंगमंचाकडे डोळे लावून उभी होती. क्रिकेटचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. मध्येच कुणाच्या तरी मोबाइलवर सचिन सातावर गेल्याचा निरोप आला. त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, आजूबाजूच्या दोघांनी 'हं' केलं आणि मोबाइल परत खिशात गेला. एरवी अशा बातमीनं गल्लीच्या गल्ली हळहळली असती. भारत १९१ धावांत आटोपला आणि हरला, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्या रात्री आयर्न मेडन हा बँड भारतात पहिल्यांदा वाजवत होता.

या कार्यक्रमाबद्दल आजवर बहुतेक वेळा 'इतिहास घडला' याच थाटात बोललं गेलं आहे. हेवी मेटलमधलं एवढं मोठं नाव त्याआधी भारतात मुख्य बँड म्हणून आलं नव्हतं, त्यामुळे ते चूकही नाही. पण इतिहास बाजूला ठेवून ती रात्र नुसती गाणं म्हणून ऐकली तर काय हाती लागतं, ते मला इथे पाहायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: मेडनच्या रचनांमध्ये श्रोत्यांसाठी जागा राखून ठेवलेली असते, आणि बेंगळूरूला जमलेल्या श्रोत्यांनी ती जागा वर्षानुवर्षं घरी बसून घोटलेली होती. आपल्याकडे 'तयारीचा गवय्या' म्हणतात. त्या रात्री श्रोतेच तयारीचे होते.

बँडची ओळख थोडक्यात करून देतो. स्टीव्ह हॅरिस या बेस गिटारवादकानं १९७५च्या नाताळात पूर्व लंडनच्या लेटन भागात मेडन उभा केला. गायक ब्रूस डिकिन्सन १९८१ साली आला, १९९३ साली सोडून गेला आणि १९९९ साली परतला. त्याच्याबरोबर जुना गिटारवादक एड्रियन स्मिथही परतला. मधल्या काळात स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गेर्सला मात्र कुणी घरी पाठवलं नाही. त्यामुळे तेव्हापासून डेव्ह मरे, स्मिथ आणि गेर्स अशा तीन गिटारी एका बँडात नांदू लागल्या. ड्रम्सवर निको मॅकब्रेन. हेच सहा जण बेंगळूरूला आले.

यांच्या संगीतात कान पहिल्यांदा पकडतो ती लय. एक लांब ठोका आणि लगेच दोन आखूड, असा तो घोडदौडीचा ठेका. हॅरिस तो बेसवर बोटांनी वाजवतो, पिकनं नाही. त्यामुळे ठोक्याला धार येते, पण तो कोरडा होत नाही. बहुतेक रॉक बँडांत बेस मागे राहून जमीन धरतो. इथे तो पुढे येऊन गाण्याला हाकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जोडगिटारी. एकच सुरावट दोन गिटारी एकाच वेळी वाजवतात, पण दुसरी पहिलीच्या वर दोन सुरांचं अंतर ठेवून चालते. पहिली सा वर असेल तर दुसरी ग वर. हा प्रकार मेडनचा शोध नव्हे. विशबोन अॅश आणि थिन लिझी या बँडांनी तो आधीच रूढ केला होता. मेडननं त्याला वेग दिला. आपले कान एका वेळी एकच सुरावट ऐकायला सरावलेले असतात. अशा कानाला हा जोड सुरुवातीला चकवतो, आणि मग सोडवत नाही. शिवाय मेडनच्या बऱ्याच सुरावटी कोमल गंधार, कोमल धैवत आणि कोमल निषाद घेऊन फिरतात. पाश्चात्त्य भाषेत ती मायनर सप्तकं, आपल्या हिशेबात आसावरी थाट. चालीत राग शोधायला जाऊ नये, तिथे तो नसतो. पण सूर ओळखीचे असतात, आणि ओळखीचे सूर पाठ व्हायला वेळ लागत नाही.

पाठ करण्याची सोय मात्र फारशी नव्हती. नव्वदच्या दशकात आमच्याकडच्या कॅसेटच्या दुकानात इंग्रजी गाण्यांचा एक कोपरा असे आणि त्या कोपऱ्यात मेडनच्या दोन-तीन कॅसेटी. बाकीच्या कुणाकडून तरी भरून घ्यायच्या. दुकानदार साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा, आणि बाजू संपली की गाणं मधेच तुटायचं. पुढे एकाच सीडीवर बँडचा सगळा संसार मावणाऱ्या एमपीथ्रीच्या चोरट्या सीडी आल्या. गीतांचे शब्द छापील हाती येत नसत. त्यामुळे शब्द अंदाजपंचे आणि सुरावट मात्र अचूक, अशी आमच्यापैकी अनेकांची अवस्था. गिटारचा प्रत्येक वळसा तोंडानं म्हणता यायचा.

यात एक गंमत होती. आम्ही सर्वांत जास्त ऐकल्या त्या स्टुडिओतल्या नव्हे, तर प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिका. १९८५चा 'लाइव्ह आफ्टर डेथ', आणि त्याहून जास्त 'रॉक इन रिओ'. हा दुसरा कार्यक्रम १९ जानेवारी २००१ रोजी रिओ द जनेरोमध्ये सुमारे अडीच लाख लोकांसमोर झाला आणि पुढच्या वर्षी त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. त्यात ब्राझीलची गर्दी गिटारच्या बरोबरीनं गाते. कुठे आलाप धरायचा, कुठे टाळी, कुठे गायक गप्प होऊन माइक पुढे करतो, ते सगळं त्यात आहे. म्हणजे आम्ही घरी बसून बँडबरोबर गर्दीही पाठ करत होतो. समोर बँड नसताना, बाजूला दुसरा माणूस नसताना, बंद खोलीत गर्दीची भूमिका घोकणं हा तसा वेडेपणाच. पण त्याचा उपयोग कसा होतो, ते पॅलेस ग्राउंड्सवर दिसलं.

हे बेंगळूरूलाच का घडावं, यालाही कारणं आहेत. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरत असे. पण रंगभवनावर शांतता क्षेत्राची गदा आली आणि रॉकवाल्यांचं ते हक्काचं ठिकाण गेलं. बेंगळूरूला मात्र वडेयर राजघराण्याच्या राजवाड्याभोवतीची मैदानं होती. तिथे रॉजर वॉटर्स २००२ साली, रोलिंग स्टोन्स भर पावसात २००३ साली वाजवून गेले होते. मार्क नॉफ्लर २००५ साली या शहरात येऊन गेला होता. शहराची स्वतःची परंपराही होती. दर स्वातंत्र्यदिनाच्या आसपास होणारा 'फ्रीडम जॅम', ब्रिगेड रोडच्या आडोशाला रेस्ट हाउस रोडवरचा जुनं रॉक वाजवणारा 'पेकोज' हा पब, आणि १९९८पासून जुन्या ब्रिटिश वळणाचं मेटल वाजवणारा क्रिप्टोस हा गावातलाच बँड. पुण्याहून आम्ही उद्यान एक्स्प्रेसनं निघालो, सोलापूर, वाडी, गुंतकल करत. तेव्हा डब्यात कोण कुठे चाललंय ते विचारावं लागत नव्हतं. मार्चच्या उन्हात काळा टी-शर्ट घातलेला प्रत्येक जण आपलाच होता. मैदानात माझ्या शेजारी शिलाँगची चार मुलं होती. मेघालयातून गुवाहाटीमार्गे ती चेन्नईपर्यंत आणि तिथून बेंगळूरूला आली होती. आमचा प्रवास सांगायला मग लाज वाटली.

आधी दोन बँड वाजले. त्यातल्या एका बँडची गायिका लॉरेन हॅरिस, म्हणजे स्टीव्हची मुलगी. दुसरा दिल्लीचा परिक्रमा. गिटारींच्या जोडीला व्हायोलिन ठेवणाऱ्या या बँडला त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात वाजवायला मिळालं. त्या संध्याकाळी मात्र गर्दीचा जीव पुढे लागलेला होता, त्यामुळे दोघांच्याही वाट्याला सभ्य टाळ्या आल्या.

मेडननं सुरुवात केली ती नव्या गाण्यांनी. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा अल्बम २००६च्या ऑगस्टमध्ये आला होता. दौऱ्याच्या आधीच्या टप्प्यात तर बँडनं तो अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला होता आणि जुन्या चाहत्यांची कुरकुर ओढवून घेतली होती. बेंगळूरूला पंधरा गाण्यांत पाच नवी होती, आणि पहिली तीन सलग नवीच. पहिल्यांदा येणाऱ्या बँडनं असं करावं का? गाजलेली गाणी लागोपाठ वाजवून मैदान मारता आलं असतं. मेडननं आधी 'आम्ही आज कोण आहोत ते ऐका' असं सांगितलं आणि मग मागे वळले. मला यात गर्व दिसत नाही. एखादा बुजुर्ग गवई परगावी पहिल्यांदा गाताना लोकांना पाठ असलेली भैरवी आधी काढत नाही, आधी आपला आवडता राग मांडतो, तसंच हे आहे. किंमतही मोजावी लागते. ही तिन्ही गाणी गर्दीनं आदरानं ऐकली, पण गायली नाहीत. राखून ठेवलेली जागा तेवढा वेळ रिकामी राहिली.

त्यातलं तिसरं गाणं मात्र भारतात ऐकण्यासारखं होतं: 'ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स'. गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकात विश्वरूपाच्या तेजाला आकाशात एकाच वेळी उगवलेल्या सहस्र सूर्यांची उपमा दिली आहे. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला, आणि त्या संदर्भात शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांच्या नावाशी हा श्लोक कायमचा जोडला गेला. रॉबर्ट युंक या लेखकानं अणुशास्त्रज्ञांवरच्या आपल्या १९५६च्या पुस्तकाला त्यावरूनच नाव दिलं, आणि तेच नाव पन्नास वर्षांनी लंडनच्या या बँडच्या गाण्याला मिळालं. कुरुक्षेत्रावरची उपमा अमेरिकेच्या वाळवंटातून फिरून बेंगळूरूला परत आली होती.

ज्ञानेश्वरांनी या अकराव्या अध्यायात शांत आणि अद्भुत या दोन रसांचा मेळ सांगितला आहे. मेडनचं गाणं शांतातूनच सुरू होतं. स्वच्छ, न घुसमटलेल्या गिटारचे मोजके सूर, वर डिकिन्सनचा दबका आवाज. मग जड गिटारींचा लोट येतो आणि शांताच्या जागी भयानक बसतो. अद्भुत मधून गळून पडतो. विश्वरूप पाहून अर्जुनाला भीती वाटते, पण तिच्या पलीकडे शरण जाण्याची वाट असते. या गाण्यात ती वाट नाही, कारण इथलं तेज माणसानं केलेलं आहे. त्या मैदानात हा सगळा प्रवास किती जणांच्या डोक्यात असेल कुणास ठाऊक. माझ्याही डोक्यात तो पुढे घरी ऐकताना जुळला. पण मूळ उपमा ज्या भूमीतली, तिथे ते गाणं प्रत्यक्ष ऐकायला मिळालं, याचं अप्रूप अजून वाटतं.

त्यानंतर जुनं 'रॅथचाइल्ड' आणि मग 'द ट्रूपर'. इथे पहिल्यांदा मैदान बँडच्या बरोबरीनं गायलं. क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाला ब्रिटिश घोडदळानं रशियन तोफांवर जो आत्मघातकी हल्ला केला, त्यावरचं हे १९८३चं गाणं. घोडदौडीचा ठेका इथे विषयालाच मिळालेला. विशेष म्हणजे या गाण्याच्या धृपदाला शब्दच नाहीत. सैनिकाचं निवेदन संपतं आणि नुसता आकार-ओकार सुरू होतो, जोडगिटारींच्या सुरावटीला धरून. लढाईचं गाणं लिहिणारा दुसरा कुणी तिथे घोषणा टाकेल. हॅरिसनं जागा मोकळी ठेवली. परिणाम असा की इंग्रजी न येणारालाही हे धृपद पहिल्या फटक्यात गाता येतं. माझ्या शेजारचा एक मुलगा कडव्यांच्या वेळी गप्प असायचा, शब्दांच्या वाटेला जायचाच नाही. गिटारींची जोड सुरू झाली की मात्र डोळे मिटून गायचा, तेही वरच्या गिटारचा सूर, खालच्या नव्हे. वरचा सूर धरून ठेवणं सोपं नाही, बाजूची हजार माणसं खालचा गात असताना तर नाहीच. ही तयारी एका दिवसाची नसते.

'ट्रूपर'च्या वेळी डिकिन्सन लाल डगला चढवून ब्रिटिश झेंडा फिरवतो, हा बँडचा जुना प्रघात. बेंगळूरूच्या संदर्भात त्याला वेगळा अर्थ येतो. बालाक्लाव्हाच्या त्या हल्ल्यात फोर्थ लाइट ड्रॅगून्स ही पलटण होती. तीच पुढे फोर्थ हुसार्स झाली, आणि १८९६ साली बेंगळूरूच्या छावणीत येऊन राहिली. तिच्यातला एक तरुण अधिकारी म्हणजे विन्स्टन चर्चिल. म्हणजे ज्यांच्या पूर्वसुरींवर हे गाणं, त्यांचे घोडे याच शहरात बांधलेले होते. त्याच शहरात वसाहतीच्या वारसांनी त्या पलटणीच्या मरणाचं गाणं त्यांच्याच देशाच्या बँडबरोबर गावं, यात राग नव्हता की लाचारी नव्हती. गाणं साम्राज्याची तरफदारी करतच नाही. ते मरणाऱ्या एका शिपायाच्या तोंडून बोलतं. पुढे 'रन टू द हिल्स' आलं, त्यात तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या शिरकाणाची गोष्ट आधी त्यांच्या बाजूनं आणि मग मारणाऱ्यांच्या बाजूनं सांगितलेली आहे. हे बारकावे तिथल्या श्रोत्यांना ठाऊक होते. मेटल म्हणजे नुसता गोंगाट असं समजणाऱ्यांनी मेडनच्या गाण्यांचे विषय एकदा पाहावेत. इतिहास, बायबल, शेक्सपिअर, अणुबाँब.

'चिल्ड्रन ऑफ द डॅम्ड'मध्ये लय खाली आली. डिकिन्सनचा खालचा, भरदार आवाज एरवी त्याच्या प्रसिद्ध किंचाळीमागे झाकला जातो. इथे तो मोकळा ऐकू आला. त्यानंतरची दोन्ही नवी गाणी लांबलचक होती, आणि त्यांच्या वेळी गर्दी जरा सैल झाली. पाण्याच्या बाटल्या फिरल्या. उघड्या मैदानाचा दोषही इथेच जाणवला. वारा फिरला की तिन्ही गिटारी एकमेकींत मिसळून जात आणि कोण काय वाजवतंय ते मागच्यांना उमगत नसे. 'द नंबर ऑफ द बीस्ट'च्या आधी बायबलमधल्या शब्दांचं ध्वनिमुद्रित वाचन लागतं. ते सुरू झालं आणि हजारो लोकांनी निवेदकाच्या आवाजात, त्याच्याच आघातांसह, ते म्हणून दाखवलं. गायला सुरुवात होण्याआधीच पाठांतराची परीक्षा झाली.

मग 'फिअर ऑफ द डार्क'. माझ्या मते त्या रात्रीचा समेचा क्षण हाच. १९९२चं हे गाणं. अंधारात एकटा चाललेला माणूस, मागे कुणी तरी आहे असा त्याचा संशय, बस्स. विषय इतका साधा की कागदावर त्यात काहीच नाही. रचना मात्र पक्की. आधी गिटारची मूळ सुरावट वेगानं येऊन जाते. मग सगळं थांबतं आणि तीच मनःस्थिती संथ, जवळजवळ कुजबुजत्या भागात उतरते. तिथून हळूहळू चढण, आणि मग एकदम घोडदौड. सोलो झाले की पुन्हा संथ, आणि शेवट सुरुवातीसारखाच अंधारात. विलंबितातून द्रुतात आणि परत विलंबितात, असा पूर्ण फेरा.

स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीची सुरावट फक्त गिटारीची आहे. ती गायची असं बँडनं कुठेही लिहून ठेवलेलं नाही. लोकांनी ती ठिकठिकाणच्या कार्यक्रमांत गायला सुरुवात केली, ते गाणं ध्वनिमुद्रिकांवर उतरलं, आणि पुढच्या गावच्या लोकांनी ते तिथून उचललं. रचनेत श्रोत्यांनी घातलेली ही भर आहे, आणि आज तिच्याशिवाय हे गाणं अपुरं वाटतं. बेंगळूरूला पहिले चार सूर निघाले मात्र, पॅलेस ग्राउंड्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज उठला. मागच्यांना तो आवाज स्पीकरमधून येणाऱ्या गिटारपेक्षा किंचित उशिरा पोचत होता, त्यामुळे एकाच सुरावटीच्या दोन लाटा एकमेकींवर येत होत्या. माझ्या आसपास कुणी बेसूर नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण हजारोंच्या आवाजात बेसूर विरून जातो आणि उरतो तो सरासरीचा सूर, आणि तो आश्चर्य वाटावं इतका नेमका होता. संथ भागात लाइटर पेटले, तेव्हा गर्दी आपण होऊन आवाज खाली घेऊन गात होती. गोंगाट करणाऱ्यांना हे जमत नाही. दबक्या आवाजात एकत्र गाण्यासाठी गाणं आतून माहीत असावं लागतं.

डिकिन्सनबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. तो तलवारबाजी करतो, त्या काळी प्रवासी विमानंही उडवायचा, आणि रंगमंचावर तर एका जागी थांबतच नाही. पण पळताना त्याचा श्वास गाण्यात ऐकू येत नाही. लांब सूर तो थांबून घेतो, पळापळ सोलोच्या वेळी करतो. हा हिशेब एकदा लक्षात आला की त्याच्या हालचालींमधली शिस्त दिसायला लागते. गावाचं नाव घेऊन 'माझ्यासाठी ओरडा' अशी हाक देणं ही त्याची जगभरची सवय. ध्वनिमुद्रिकांवर आम्ही ती हाक लाँग बीचच्या आणि ब्राझीलच्या नावानं वर्षानुवर्षं ऐकली होती. तिच्यात बेंगलोर हे नाव आलं तेव्हा शिलाँगच्या चौघांनी, आम्ही पुणेकरांनी, सगळ्यांनी ते आपलंच गाव असल्यासारखा प्रतिसाद दिला.

शेवटच्या टप्प्यात '२ मिनिट्स टू मिडनाइट', मग 'द ईव्हल दॅट मेन डू', आणि सर्वांत शेवटी 'हॅलोड बी दाय नेम'. १९८२चं हे गाणं फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्याचं. घंटेचा टोल पडतो, संथ सुरावट येते, आणि कोठडीतला माणूस स्वतःशी बोलू लागतो. या संथ भागाच्या शेवटी डिकिन्सन एक सूर इतका लांब धरतो की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडतो. सूर सुटतो आणि मागून सगळा बँड येतो. त्यानंतरची जोडगिटारींची सुरावट ही माझ्या दृष्टीनं मेडननं रचलेली सर्वोत्तम सुरावट. ती वर चढत जाते, पण सुटका करत नाही. फिरून त्याच षड्जावर आणून सोडते. लय मात्र वाढत राहते. कैद्याचं मन शांत होत जातं आणि संगीत पेटत जातं, असा हा उलटा प्रवास. करुणाचं रूपांतर वीरात होतं, तेही कैदी काहीही पराक्रम न करता. कार्यक्रमाचा शेवट मृत्यूच्या गाण्यानं करायचा आणि लोकांनी उड्या मारत घरी जायचं, ही किमया रचनेची आहे.

पुढे मेडन पुन्हा आला. १ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचा नवा जागतिक दौरा मुंबईतूनच सुरू झाला. डिकिन्सननं स्वतः चालवलेल्या विमानातून बँड उतरला, आणि 'फ्लाइट ६६६' या त्या दौऱ्याच्या माहितीपटात मुंबईचं 'एसेस हाय' आलं. १५ फेब्रुवारी २००९ला ते बेंगळूरूला परतले. त्या दोन्ही वेळी जुनी गाणी जास्त होती आणि गर्दीला गायला जागाही जास्त होती. तरी मी २००७चीच मैफल वरची मानतो. नवं ऐकवण्याचा हट्ट आणि जुनं पाठ असणारे लोक, यांच्यात त्या रात्री जो ताण होता, तो पुढे राहिला नाही. नंतरच्या कार्यक्रमांत दोन्ही बाजूंना आधीच सगळं माहीत होतं.

पुण्यात १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. तिथल्या श्रोत्याची जाण तो केव्हा गप्प राहतो आणि केव्हा दाद देतो यावरून कळते. मेटलच्या मैदानात जाण गळ्यातून कळते. दोन्हीकडे मेहनत घरचीच, आणि दोन्हीकडे कलावंताला ती समोरून लगेच ऐकू येते. श्रोत्यांच्या तयारीतून वाजवणारेही निघतात. बेंगळूरूचा क्रिप्टोस २०१३ साली जर्मनीत वाकेन महोत्सवात वाजला, तेव्हा मला पेकोजमधल्या टेबलांवर बोटांनी घोडदौड वाजवणारी मुलं आठवली.

ज्यांनी मेडन कधीच ऐकला नाही, त्यांना माझी शिफारस स्टुडिओतल्या अल्बमची नाही. 'रॉक इन रिओ' लावा, त्यातलं 'द ट्रूपर' काढा. शब्द कळले नाहीत तरी अडत नाही. धृपदाला आधी खालचा सूर धरा, तो पक्का झाला की वरचा. नंतर 'फिअर ऑफ द डार्क' घ्या आणि सुरुवातीच्या सुरावटीत गिटार सोडून गर्दी ऐका. ती कुठे आवाज खाली घेते, ते जमेपर्यंत पुन्हा पुन्हा लावा. शेजारी तक्रार करतील, त्यांनाही ऐकवा.